चटणीवरचा आळ

आमच्या घरात १९७४ ते १९९७ अशी तेवीस वर्षं शेंगांची चटणी कुटली गेली नाही. या वाक्याचं वजन सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. कडक भाकरी, दही आणि तेल सुटलेली लाल चटणी यांवर आमच्याकडे पिढ्या वाढल्या. आईच्या चटणीचं तर वाड्यात नाव होतं. मुसळाचे घाव पडत तसतसं शेंगदाण्याचं तेल उखळाच्या कडेला चमकू लागायचं आणि शेजारची पोरं भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी राहायची. मग अण्णांचं ऑपरेशन झालं. उखळावर पाट आला, पाटावर पाण्याची घागर आली, आणि ती तिथंच राहिली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कापडगिरणीत साचेखात्यात होते. रातपाळी करून पहाटे घरी आले की पायरीवर पोटाशी उशी दाबून वाकून बसायचे. दुखणं बेंबीच्या वर, एका बोटावर दाखवता येईल इतक्या जागी. दोन घास खाल्ले की तासभर उतरायचं आणि पोट रिकामं झालं की पुन्हा उठायचं. खाण्याचा सोडा पाण्यातून घ्यायचे, फडताळात गुलाबी औषधाची बाटली कायम असायची. एका सकाळी त्यांना डांबरासारखी काळी शी झाली आणि ते न्हाणीतच कोसळले. रक्तस्राव झाला होता. शहरातल्या एका दवाखान्यात त्यांचं पोट उघडलं. जठराला ॲसिड बनवायचा हुकूम देणारी नस कापली आणि जठर खालच्या आतड्याला जोडून अन्नाला दुसरी वाट काढून दिली. तेव्हा अल्सरचं हे नेहमीचं ऑपरेशन होतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. तिखट बंद, चहा बंद, राग बंद.

त्यातली पहिली आईनं आपल्यावरचा आरोप म्हणून ऐकली आणि तिसरी अण्णांनी. आईला वाटलं, आपल्याच हातच्या तिखटानं नवऱ्याच्या पोटाला भोक पडलं. अण्णांना वाटलं, आपल्या तापट स्वभावाची ही शिक्षा. गिरणी कामगारांच्या सभेत उठून बोलणारा माणूस होता तो. त्यांनी सभांना जाणंच सोडलं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. एक माणूस स्वतःचा आवाज हळूहळू कमी करत नेतो कसा, ते मी घरात बसून पाहिलं.

पुढं १९८१ मध्ये मी एका इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ म्हणून लागले आणि एकतीस वर्षं तेच काम केलं. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये येतो. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. बिनरंगाचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ काहीच दाखवत नाही. आमचा रोजचा रंग दोन भागांचा असतो. हिमॅटॉक्सिलिननं पेशींची केंद्रकं निळी होतात आणि इओसिननं बाकीचं गुलाबी. या निळ्या-गुलाबी काचांवरून पॅथॉलॉजिस्ट मॅडम निदान करायच्या.

माझ्या कामातली ही बारीकसारीक माहिती मी मुद्दाम सांगते आहे, कारण अण्णांच्या दुखण्याचं गुपित अशाच एका काचेवर उलगडलं होतं. मी नोकरीला लागण्याच्या दोन वर्षं आधी, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरात.

रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. ११ जून १९७९ हा त्यांचा बेचाळिसावा वाढदिवस. त्या दिवशी जठराच्या एका तुकड्याच्या पृष्ठभागावर त्यांना निळसर रेघ दिसली. जास्त मोठं करून पाहिलं तर ते जंतू वाटले. त्यांनी त्याच तुकड्यावर चांदीच्या क्षाराचा वॉर्थिन-स्टारी रंग करवून घेतला. या रंगात जंतू काळे उमटतात. आणि ते उमटले: वाकडे, मळसूत्री, असंख्य, जठराच्या चिकट थराखाली पेशींना बिलगून बसलेले.

पुस्तकात तर लिहिलेलं होतं की जठरात जंतू जगूच शकत नाहीत. तिथलं ॲसिड इतकं जहाल, की तिथं कोण टिकणार? असे जंतू आधी कुणाला दिसलेच नव्हते असंही नाही. इटलीच्या ज्युलिओ बिझ्झोझेरो यांनी १८९३ मध्ये कुत्र्यांच्या जठरात मळसूत्री जंतू पाहिले होते. पण १९५४ मध्ये एडी पामर या अमेरिकन डॉक्टरांनी हजारांहून अधिक रुग्णांच्या जठराचे तुकडे तपासले, त्यांना एकही जंतू आढळला नाही, आणि विषय मिटला. त्यांनी वापरलेला रंग आमचाच, रोजचा निळा-गुलाबी. या जंतूला तो नीट धरत नाही, अगदी सवयीचा डोळा असेल तरच पुसट दिसतो. एवढ्या मेहनतीनं शोधणारा माणूस चुकीच्या रंगामुळं रिकाम्या हातानं परतला. मीही १९८१ पासून जठराच्या शेकडो काचा त्याच रंगात रंगवल्या. त्यांच्यातल्या कितीतरी काचांवर ते जंतू असणार, आणि माझ्या हाताखालून ते तसेच गेले.

वॉरन दोन वर्षं एकटेच काचा जमवत राहिले. सहकाऱ्यांना त्यात विशेष वाटत नव्हतं. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तिशीचा शिकाऊ डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी जठराची दुर्बिणीतून तपासणी होणाऱ्या शंभर रुग्णांचे तुकडे घेतले. जठराला लागून असलेल्या आतड्यात अल्सर असलेले तेरा रुग्ण होते, तेराच्या तेरा जणांच्या जठरात तो जंतू निघाला. जठरातच अल्सर असलेल्या बावीसपैकी अठरा जणांत निघाला.

पण जंतू आहे म्हणजे त्यानंच आजार केला, असं होत नाही. त्यासाठी तो बाहेर वाढवता यायला हवा. प्रयोगशाळेत थाळ्यांवर तो काही केल्या उगवेना. नेहमीच्या पद्धतीनं दोन दिवसांत काही दिसलं नाही की थाळ्या टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरला जोडून सुट्ट्या आल्या आणि काही थाळ्या उबेच्या कपाटात पाच दिवस राहून गेल्या. परत येऊन पाहतात तर जंतूंच्या वसाहती उगवलेल्या. हा जंतू सावकाश वाढणारा होता, त्याला दोन दिवस पुरतच नव्हते. माझ्यासारख्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला ही गोष्ट फार जवळची वाटते. घाईत टाकून दिलेल्या थाळ्यांमध्ये काय काय गेलं असेल!

१९८४ मध्ये त्यांचा लेख 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तरीही डॉक्टर मंडळी मानेनात. प्राण्यांवर प्रयोग जमत नव्हता. मग त्याच वर्षी मार्शल यांनी आधी स्वतःच्या जठराची तपासणी करून ते निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि एका रुग्णापासून वाढवलेल्या जंतूंचं द्रावण स्वतः प्यायले. काही दिवसांत त्यांना मळमळू लागलं, पहाटे उलट्या होऊ लागल्या, तोंडाला दुर्गंधी येते हे घरच्यांच्या लक्षात आलं. पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा निरोगी जठर सुजलेलं होतं आणि त्यात तेच मळसूत्री जंतू होते. त्यांना अल्सर झाला नव्हता, पण अल्सरच्या आधीची पायरी, म्हणजे जठराचा दाह, हा जंतू निर्माण करतो हे सिद्ध झालं. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. पहिल्या शब्दात मळसूत्र आहे. दुसऱ्यात जठराच्या खालच्या तोंडाचं नाव आहे, आणि त्याचा मूळ ग्रीक अर्थ द्वारपाल. डॉक्टर नुसतं एच. पायलोरी म्हणतात. लांबी साधारण तीन मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढी.

एवढासा जीव ॲसिडमध्ये टिकतो कसा? त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर आहे. युरिया आपण शेतात पोत्यानं टाकतो, पण तो आपल्या शरीरातही तयार होतो आणि थोडासा जठराच्या रसात उतरतो. युरिएज त्याचे तुकडे करतं आणि त्यातून अमोनिया निघतो. सार्वजनिक मुतारीपाशी नाकाला झोंबतो तोच हा वायू. अमोनिया ॲसिडला मारतो. म्हणजे हा जंतू स्वतःभोवती ॲसिड नसलेलं एक कवच तयार करतो आणि त्या आडोशानं पुढं सरकतो. मागं शेपट्यांसारखे धागे असतात, ते फिरवत तो बुचात शिरणाऱ्या स्क्रूसारखा जठराच्या चिकट अस्तरात शिरतो. अस्तराखाली ॲसिड फारसं पोचत नाही. तिथं तो वर्षानुवर्षं, बहुधा जन्मभर राहतो.

त्याला हुसकायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, पण त्या त्याला संपवू शकत नाहीत. लढाई चालू राहते आणि नुकसान जठराचं होतं. दाह मुख्यतः जठराच्या खालच्या भागात असेल तर ॲसिड वाढवणाऱ्या गॅस्ट्रिन या संप्रेरकावरचा लगाम सुटतो. ॲसिड जास्त बनतं, पुढच्या आतड्यात सांडतं आणि तिथं व्रण पडतो. अण्णांचा अल्सर असा होता. दाह सगळ्या जठरभर पसरला तर उलटं होतं. ॲसिड बनवणाऱ्या पेशीच हळूहळू झडतात, अस्तर पातळ पडतं, पेशींचं रूप पालटत जातं आणि काही जणांत वीस-तीस वर्षांनी कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये या जंतूला कर्करोगाच्या पक्क्या कारणांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूही त्याच गटात आहे. जगात २०२२ मध्ये जठराच्या कर्करोगाचे साडेनऊ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. जठरात होणाऱ्या माल्ट लिम्फोमा या एका वेगळ्या कर्करोगात तर सुरुवातीच्या टप्प्यावर नुसता हा जंतू मारला तरी बहुतेकांची गाठ विरते. जंतूच्या औषधानं कर्करोग मागं हटतो, हे मला आजही थक्क करतं.

इथं घाबरून जाऊ नये. जगातल्या निम्म्याच्या आसपास माणसांच्या जठरात हा जंतू राहिला आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. लागण झालेल्या शंभरांपैकी दहा-पंधरा जणांना कधीतरी अल्सर होतो, आणि एक ते तिघांना कर्करोग. जंतूची जात किती जहाल आहे, माणसाची प्रकृती, तंबाखू, मिठाचं प्रमाण या सगळ्यांचा त्यात हात असतो. भारतात लागण भरपूर, पण त्या मानानं जठराचा कर्करोग कमी. मात्र मिझोराममध्ये ऐझॉलकडे तो देशात सर्वांत जास्त आढळतो. हे असं का, याचा अभ्यास अजून चालू आहे.

हा आपला फार जुना सोबती आहे. आफ्रिकेतून माणूस बाहेर पडला तेव्हा तो पोटात होताच. इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातूनही शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या त्या अभ्यासात तो जंतू आज मध्य आणि दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या बाजूला, आढळणाऱ्या जातीच्या जवळचा निघाला. लागण बहुतेक वेळा लहानपणी, घरातच होते. तोंडावाटे किंवा दूषित पाण्या-अन्नातून. खोल्या लहान, माणसं जास्त आणि पाणी अपुरं असेल तिथं ती जास्त होते. आमच्या वाड्यात दोन खोल्यांत आम्ही आठ जण होतो आणि नळ सगळ्या वाड्याला एक होता. म्हणून यात कुठल्या आईला किंवा आजीला दोष देऊ नये. आळ घ्यायची सवय एका चुकीवरून उठून दुसरीवर जाऊन बसायला नको.

आता १९९७ मध्ये येते. अण्णा सहासष्ट वर्षांचे होते. ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांत पोट पुन्हा दुखायला लागलं होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुन्हा त्यांच्या रागाकडेच बोट गेलं असतं. त्या पावसाळ्यात पुन्हा काळी शी झाली, हिमोग्लोबिन सातवर आलं. आमच्याकडे दुर्बिणीची तपासणी एव्हाना रोजची झाली होती. जठर जिथं आतड्याला जोडलं होतं तिथं व्रण होता. डॉक्टरांनी तुकडे काढले. त्यातला एक पिवळ्या जेलच्या छोट्या कुपीत टाकून ती माझ्या हातात दिली. या जेलमध्ये युरिया असतो आणि एक रंगद्रव्य. जंतू असेल तर त्याचं युरिएज युरिया फोडतं, अमोनिया होतो आणि रंग बदलतो. मी कुपी टेबलावर उभी केली. अर्ध्या तासात ती गडद गुलाबी झाली.

अण्णा बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना कुपी दाखवली, समजावलं. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या रागानं नव्हतं झालं?"

नव्हतं झालं. काळजीनं दुखणं जास्त जाणवतं, सुजलेल्या जठराला तिखट झोंबतं, हे खरं. पण अल्सरची मुख्य कारणं दोनच: हा जंतू, आणि दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणं. अण्णांना ॲसिड कमी करणारी गोळी आणि दोन अँटिबायोटिक्स चौदा दिवस दिली. त्यांच्या तेवीस वर्षांच्या पथ्यापुढं चौदा दिवस.

हे आता सांगायचं कारण असं, की आजही आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी किराणा मालासारखी आणली जाते. रोज सकाळी रिकाम्या पोटी गोळी, वर्षानुवर्षं. ज्यांचं पोट महिनोन्महिने दुखतं, ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे, ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्यांचं रक्त वाढत नाही, त्यांनी डॉक्टरांना या जंतूच्या तपासणीबद्दल विचारावं. दर वेळी दुर्बीण लागतेच असं नाही. विशिष्ट युरिया पिऊन नंतर फुंकर मारायची श्वासाची तपासणी आहे, शौचाच्या नमुन्यावर होणारी तपासणी आहे. मात्र काळी शी, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, विनाकारण वजन घटणं यांतलं काही असेल तर थांबू नये, दुर्बीण करून घ्यावी. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीआधी दोन आठवडे ॲसिडची गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. नाहीतर जंतू असूनही तपासणी नाही म्हणते.

औषध सुरू केलं तर पुरं करावं. तोंड कडू होतं, मळमळतं, आणि पाचव्या दिवशी पोट शांत झालं की माणसं पुड्या फडताळात टाकतात. या अर्धवटपणातून आणि अँटिबायोटिक्सच्या सरसकट वापरातून हा जंतू औषधांना पुरून उरायला शिकला आहे. भारतात मेट्रोनिडाझोलसारखी जुनी औषधं पुष्कळांवर चालत नाहीत, क्लॅरिथ्रोमायसिनचीही धार कमी होत चालली आहे. म्हणून आता बऱ्याचदा बिस्मथ धरून चार औषधं एकत्र देतात. ती संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही, हे पुन्हा तपासायला हवं. ही शेवटची तपासणी बहुतेक जण टाळतात.

अण्णांची ती तपासणी केली तेव्हा कुपी पिवळीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर घागर पाटावरून उतरलेली होती आणि आई उखळ घासत होती. तेवीस वर्षांनी तिच्या दंडात पूर्वीचा जोर नव्हता, मुसळ मी धरलं. शेंगदाणे, लसूण, मीठ, तिखट. अण्णांनी भाकरीवर घेतली ती बोटाच्या पेराएवढीच, पण घेतली. पुढची अकरा वर्षं ते जगले आणि पोटाच्या दुखण्यानं गेले नाहीत.

चटणी कुटताना आईनं विचारलं, "हे लोकांना कळलं कधी गं?"

"चौऱ्याऐंशी साली छापून आलं."

तिनं बोटांवर मोजलं. "तेरा वर्षं. तू तेव्हा दवाखान्यातच होतीस ना?"

होते. पण पर्थमधलं ते ज्ञान आमच्या उखळापर्यंत यायला तेरा वर्षं लागली, आणि त्यातली बरीच वर्षं मी रोज जठराच्याच काचा रंगवत होते. तेव्हापासून बसमध्ये, लग्नात, पाण्याच्या रांगेत कुणी म्हणालं की पोटाचं माझं जुनंच आहे, तिखट सोसत नाही, स्वभावच काळजीचा, की मी ओळख नसली तरी विचारते: जंतूची तपासणी केली का?